कार्यप्रतिमेची साक्ष

कामगार न्यायालयात त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात संगणकाचा एक पडदा उभा केला होता, आणि त्यातून वृंदा खडतरेचा आवाज येणार होता. दावाही वृंदानंच लावला होता. म्हणजे ती स्वतःचीच उलटी साक्ष ऐकायला आली होती.

लस बनवणाऱ्या कंपनीत ती नऊ वर्षं तपासनीस होती. बाई म्हणून तीनदा बढतीत डावललं. चौथ्यांदा तिनं लेखी तक्रार केली आणि आठवड्याच्या आत तिला कमी केलं. परत कामावर घ्या, एवढंच तिचं मागणं होतं. कंपनीचं म्हणणं, तक्रार आकसानं रचलेली. तोवर बाईंना काही खुपत नव्हतं.

"कार्यप्रतिमा म्हणजे मेंदूची नक्कल का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," ती बनवणाऱ्या डॉ. केळुसकर म्हणाल्या. "नऊ वर्षांत यांनी कामावर काय पाहिलं, काय ऐकलं, कुणाला काय उत्तर दिलं, त्यावरून बांधलेली प्रतिमा. तक्रारीच्या महिनाभर आधीची. आता यांचं काम तीच करते. तक्रारीचं तिला माहीतही नाही."

"म्हणजे अगदी निर्मळ साक्षीदार," कंपनीचे वकील खुशीत म्हणाले.

पडदा उजळला. पहिल्याच बाकावर व्यवस्थापक घैसास बसले होते.

"बाई म्हणून तुम्हाला कधी डावललं गेलं?" वकिलांनी विचारलं.

"छे, काहीच तक्रार नाही. साहेब फार सांभाळून घेतात."

वृंदानं पडद्याकडे पाहिलं. खोटं म्हणावं तर आवाज तिचा, शेवटचं ते कसनुसं हसणंही तिचंच. नऊ वर्षं ती हेच म्हणत आली होती. कुणासमोर, हे आठवताच ती उठली. वकील तिनं दिला नव्हता, आपली बाजू आपणच मांडत होती.

"डॉक्टर मॅडम, समोर कोण बसलंय ते हिला दिसतं?"

"दिसतं. गिऱ्हाइकाशी तुम्ही वेगळं बोलायचा, वरिष्ठांशी वेगळं. कंपनीला नक्कल तंतोतंत हवी होती."

"मग घैसास साहेबांना पाच मिनिटं बाहेर पाठवा."

वकिलांनी हरकत घेतली. नक्कल तंतोतंत आहे हे तुमचंच म्हणणं ना, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर ते खाली बसले. घैसास बाहेर गेले. प्रश्न पुन्हा विचारला गेला.

यंत्र बराच वेळ गप्प होतं. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही म्हणतात. घाबरायला लागत असावा.

"दार लावता का जरा?" पडद्यातून आवाज आला.

मग ती बोलली. तिन्ही तारखा सांगितल्या, घैसासांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 'तुला घरदार आहे, तुला कशाला हवीय ही दगदग?' वृंदा विसरली होती तेसुद्धा तिनं सांगितलं. वृंदाला रडू आलं, आणि ते जिंकल्याचं होतं की कसलं, ते तिला कळेना.

"लिहून घ्या," न्यायाधीश लघुलेखकाला म्हणाले.

"लिहा, पण माझं नाव नका घालू," पडद्यातून वृंदाचा आवाज विनवू लागला. "आत्ता मला परत तिथंच नेतील. मला अजून तिथं काम करायचंय."