सिरोच्या देवळीतली मेणबत्ती

"अहो बाई, ती बॅटरी बंद करा! फोटो वाया जाईल माझा!"

एलिसेओ ओरडला, तसा उजेड सरळ त्याच्या तोंडावर आला.

"का? आकाश विकत घेतलंय वाटतं?"

आटाकामाच्या वाळवंटात, रात्री, अशी त्यांची ओळख झाली. तो ताऱ्यांचे फोटो काढायचा. एकेका फोटोला कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवायचा. ती यास्ना. तिथल्याच रस्त्याच्या वळणावर गाडी उलटून तिचा भाऊ सिरो गेला होता. जिथे माणूस गेला तिथे त्याच्या नावाने छोटी देवळी बांधायची आणि सोमवारी मेणबत्ती लावायची, ही तिकडची रीत. एरवी ती संध्याकाळीच लावून जाई. त्या दिवशी बस चुकली होती.

मग एलिसेओही दर सोमवारी संध्याकाळीच येऊ लागला. समुद्राकडून धुकं चढायचं, तारे दिसायचे नाहीत, तरी यायचा.

"आज कशाचे फोटो? धुक्याचे?"

"तुझे काढले असते... पण तू पाच मिनिटं गप्प कुठे बसतेस?"

ती हसायची. हसता हसता एकदम थांबायची.

एका सोमवारी तिने त्याचा हात धरला. "गाडी मी चालवत होते, एलिसेओ. दोन वर्षं माझी मेणबत्ती अर्धीच जळायची, पुढच्या सोमवारी यावं तर उरलेली तशीच. वाटायचं, सिरोला माझा उजेड नको. तू आलास—आणि ती पूर्ण जळायला लागली. त्यानेच पाठवलं तुला. लग्न करशील माझ्याशी?"

एलिसेओने मेणबत्तीकडे पाहिलं. 'हो' म्हटलं की झालं. पण...

"यास्ना, मेणबत्ती मी विझवायचो. फोटोत उजेड यायचा म्हणून. तू भेटलीस, तेव्हापासून कॅमेरा दुसरीकडे वळवला."

तिने हात काढून घेतला.

"म्हणजे त्याने मला माफ केलं नाही?"

"तो रागावलाही नव्हता. नुसता मी होतो."

"गप्प बसला असतास तर मी तुझी झाले असते."

"माहीत आहे गं."

ती देवळीकडे वळली. मग म्हणाली, "मी बोलावेपर्यंत येऊ नकोस."

त्याने सामान आवरलं. धुक्यात शिरताना त्याला मागून तिचं रडणं ऐकू आलं. आजवर देवळीपुढे ती रडायची ती सिरोची माफी मागत. आज माफी नव्हती. नुसती हाक होती—सिरो... सिरो रे...