बत्तीसचा एमसीबी

“यांना बत्तीसचा एमसीबी देऊ नका, पोपटशेठ!”

यवतच्या त्या दुकानात महेंद्र दचकून मागे वळला. मागे एक तरुणी उभी होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळाला चिकटलेली बट... आणि डोळे असे, की जणू यानं तिचंच काही चोरलंय.

“माझ्याच घरात बसवायचाय, ताई.”

“म्हणून घर जाळणार? आत्ता कितीचा आहे?”

“सोळा अँपिअरचा. आईची पिठाची घरघंटी चालू असताना गिझर लावला की खटका पडतो.”

“तुम्हाला वाचवायला पडतो तो! मोठा बसवलात, तर तो पडायचा नाही. वायर पेटेल.”

“बरं... एवढा लोड घेऊ नका,” तो हसला.

“लोड मी नाही, तुमची वायर घेतेय!”

पोपटशेठ पोट धरून हसले. “ही प्राची, आयटीआय केलेली वायरमन. हिला केडगावला नेऊन घर दाखव. तवर तुला काय मिळायचं न्हाई.”

घर जुनं. दोन दिवे, पंखा आणि रेडिओ, एवढ्याच हिशोबानं कधीकाळी ओढलेली बारीक वायर. महेंद्रनं तिलाच बोर्डातून बोर्ड काढत फ्रीज, गिझर, घरघंटी असं सगळं जोडलेलं. जोड नुसते पिळून चिकटपट्टी मारलेले.

“भिंतीला हात लावा,” प्राची म्हणाली.

त्यानं लावला. भिंत गरम होती.

“आई रोज इथंच टेकून दळते...” तो पुटपुटला.

“आजचं दळण तेवढं होऊ दे गं,” त्याची आई, ताईबाई म्हणाल्या. “लोकं डबे ठेवून गेलीत.”

“आजच्या दिवस चालवू द्या ना...” महेंद्रनंही गळ घातली.

प्राचीनं पिशवी उचलली. “माझी मावशीही हेच म्हणाली होती. आजच्या दिवस! भाजलेला हात अजून वळत नाही तिचा. माझं ऐकायचं नसेल तर मी चालले.”

महेंद्रनं घरघंटीचा प्लग काढला आणि डबे गाडीला बांधून बाजारातल्या चक्कीवर निघाला.

पुढचे दोन दिवस काम चाललं. मीटरपासून घरघंटीला वेगळी जाड वायर, गिझरला वेगळी, आणि प्रत्येक वायरीला तिला झेपेल तेवढाच एमसीबी.

“वायरीची पट्टी सरळ धरा! कुठं बघताय?”

“तुमच्याकडं.”

“पट्टीकडे बघा!” ती ओरडली... आणि हसू दिसू नये म्हणून भिंतीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी घरघंटी आणि गिझर एकदम चालू केले. काही पडलं नाही. ताईबाईंनी भिंत चाचपली. “गार हाय गं!”

प्राची हत्यारं भरू लागली. महेंद्र दारात घुटमळला.

“आता... काम नसताना याल का?”

ती उसळली. “दोन दिवस शेजारी उभे होतात! तेव्हा तोंड शिवलं होतं?”

“तुम्ही रागवाल म्हणून...”

“रागावलेच आहे!” तिनं पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. “चहा ठेवा. साखर कमी.”