सहावी गाठ

कामाला जाताना मी वही बरोबर नेतो. कोणत्या खोलीत किती फरशी लागली, उतार कुठे दिला, चुन्याचा माल भिजायला किती वेळ लागला, सगळं तिच्यात लिहितो. अशा अकरा वह्या झाल्या आहेत. बायको म्हणते, लोक देवाचं नाव लिहितात, आमचे हे उतार लिहितात. पुढे सांगतो ते अकराव्या वहीतून सांगतो. नुसत्या आठवणीवर मी स्वतःच विश्वास ठेवला नसता.

डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी एक जुनं घर घेतलं होतं. एका खोलीतली फरशी तेवढी दुरुस्त करून हवी होती. "उखडायची नाही हं, जपायची आहे," त्या म्हणाल्या. "आणि महिन्याच्या आत. पहिली बाळंतीण तुमचीच लेक आहे."

लेकीला नववा महिना लागला होता. याआधी दोनदा ती सातव्या महिन्यात रिकाम्या हातांनी घरी आली होती. त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने हसलं तरी बाकीचे दचकायचे. हे तिसरं मूल घरी यावं, यापलीकडे आम्हाला काही नको होतं. त्यामुळे ही खोली मी जरा जास्तच मन लावून बघितली.

खोली चौकोनी, एकच उंच खिडकी. मध्यभागी दगडी पट्ट्यांची सहा टोकांची चांदणी, दोन हात रुंद. टोक वर असलेला त्रिकोण पांढऱ्या पट्ट्यांचा, टोक खाली असलेला काळ्या. दोन्ही एकमेकांवर नुसते ठेवलेले नव्हते, टोपलीच्या विणीसारखे गुंतवलेले होते. जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात अशा सहा गाठी. त्यातल्या पाच शाबूत, सहावीचा पार चुरा.

मी आणि मदतीला बायको, आम्ही कामाला लागलो तसे बघे आले. समोरच्या दुकानातले घड्याळकाका हे ज्यू, घर मुळात त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. ज्यांच्याकडून डॉक्टरीणबाईंनी ते घेतलं त्या निवृत्त शिक्षिका हिंदू. दोघं चाळीस वर्षांचे शेजारी आणि तितकीच वर्षं भांडत असावेत.

"ही दावीदची ढाल," काका म्हणाले. "आजोबांनी बसवून घेतली."

"तुमच्या आजोबांनी खिळे ठोकून भोकं पाडली होती भिंतीला, तेवढंच मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "हा षट्कोण आहे. वर टोक तो शिव, खाली टोक ती शक्ती. माझे सासरे रोज इथे बसायचे."

"बसायचे म्हणजे त्यांनी बसवली असं होतं का? मी रोज तुमच्या ओट्यावर बसतो."

"ते दिसतंच आहे. दगड झिजलाय."

बायकोने तोंडावर पदर धरला. मी काकांना विचारलं, ही खूण तुमच्याकडे फार जुनी का? त्यांनी चष्मा पुसला. "खरं सांगू? साऱ्या समाजाची खूण म्हणून नाही. जुन्या दगडांवर दिसते, पण तिथे शोभेपुरती. पुढे ताइतांवर आली. बाळंतिणीच्या खोलीत लावायचे. काही आत येऊ नये म्हणून."

"आमच्याकडे ती मुळात काहीतरी यावं म्हणून काढतात," बाई हळूच म्हणाल्या. "दोघं गुंतले तरच जीव येतो. कोणी एक वर बसून राहिला तर नाही."

हे वाक्य मी वहीत उतरवलं, कारण मला आवडलं. त्याचा अर्थ नंतर कळला.

ती कोणाची हे ठरवणं माझं काम नव्हतं. माझं मत साधं आहे. वर्तुळ काढलं की कंपासचं अंतर न बदलता त्याच मापाने कडेकडेने चालत जावं. बरोबर सहा पावलांत तो निघाल्या जागी परत येतो. एक टोक सोडून एक जोडलं की ही चांदणी तयार. ज्याच्या हाती कंपास आला त्याला ती कधी ना कधी सापडणारच. कोणी कोणाची चोरायला नको.

गाठ मी त्या दिवशीच बसवली. आमच्या धंद्यात एक सवय असते. नक्षी एका जागी तुटली की नेमकी समोरची बाजू बघायची आणि तशीच उतरवायची. मी समोरच्या गाठीचा कागदावर ठसा घेतला. तिथे काळी पट्टी वरून जात होती. मीही काळी वरून नेली. सांधे इतके छान जुळले की नख अडकेना. बायकोने ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "वहीवाले, आज तुम्ही जेवायला लायक."

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला.

बायको खिडकीशी डबा उघडत होती. मी भिंतीकडेचा सांधा भरत होतो. फरशीखालून आला... टक्. मग जरा थांबून टक्. लोखंडी टोक दगडावर टेकवावं तसा. आवाज चांदणीच्या कडेकडेने फिरत होता. मी नकळत मोजले. सहा.

सहाव्यानंतर तो थांबायला हवा होता.

सातवा आला तो नव्या गाठीच्या बरोबर खाली. मऊ, जणू तिथे दगड नव्हताच.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"कंपास घेऊन?" बायको म्हणाली. तिने डबा बंद केला. खोलीत ओल्या चुन्याचा वास होता, त्यात आता दुसरा मिसळला होता. नुकत्या न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा. भीती वाटावी असा वास नव्हे तो. पण रिकाम्या खोलीत तो यायला नको. आम्ही डबे उचलले आणि ओट्यावर जाऊन जेवलो.

चौथ्या दिवशी लेक खोली बघायला आली. डॉक्टरीणबाई वर औषधांची कपाटं लावत होत्या. लेक भिंतीला टेकून, हात पोटावर ठेवून खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये."

बायको काही न विचारता जिन्याकडे धावली. तिची पावलं वर जाताना ऐकू येत होती आणि खालून... टक्. टक्. लेकीनेही मान वळवली.

"बाबा, खाली कोण आहे?"

"कोणी नाही. तू श्वास घे."

पाचवा. सहावा. मी गाठीकडेच बघत होतो, आणि मला पहिल्यांदा पट्टी दिसली. गाठ नव्हे, अख्खी पट्टी. बाकी प्रत्येक पट्टी एका गाठीवर वर होती आणि पुढच्या गाठीखाली. एक सोडून एक. मी दुरुस्त केलेली काळी मात्र दोन्हीकडे वरच होती, आणि तिला तिथे छेदणारी पांढरी दोन्हीकडे खाली. चांदणीला सहा गाठी, म्हणजे समोरासमोर रंग उलटे पडतात. सारखी गाठ हवी तर एक सोडून पुढची बघायची. वीस-पंचवीस वर्षं ज्या सवयीने माझी नक्षी जुळवली, तिनेच इथे वीण उसवली होती.

सातवा आला. लेकीने डोळे मिटून घेतले.

मी छिन्नी घेतली. माल अजून कच्चा होता, गाठ चार घावांत निघाली. खाली मुरूम असायला हवा होता. तिथे पोकळी होती. हात कोपरापर्यंत गेला असता इतकी... मी घातला नाही. तिच्यातून तो बाळाच्या टाळूचा वास येत होता, आणि लेक बसली होती तिकडे सरकत होता. वरून डॉक्टरीणबाई उतरल्याचा आवाज आला. मी पोकळी मालाने ठासून भरली, पांढरी पट्टी कापली. पांढरी वरून, काळी खालून. हातोडीच्या दांड्याने दाबून बसवली.

"हललं," लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाई नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग हसल्या. "छान चाललंय. झोपलं होतं लबाड." बायको तिथेच फरशीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाठ परत का काढलीत?"

"चुकली होती."

"तुमची?"

"माझीच."

"लिहा मग," ती म्हणाली. आणि रडली.

त्यानंतर आवाज आला नाही. कामाचे उरलेले दिवस मी रोज दुपारी कान जमिनीला लावून बघितलं. घड्याळकाकांनी चांदणी पाहून ढाल पक्की झाली म्हटलं, बाईंनी यंत्र जागं झालं म्हटलं, आणि दोघं परत भांडायला ओट्यावर गेले.

बारा दिवसांनी त्याच खोलीत नात झाली. एकच, तीन किलो, सुखरूप. आज ती चार महिन्यांची आहे. घरात आता कोणीही मोठ्याने हसतं. मी सुखी माणूस आहे, हे लिहायलाही मला लाज वाटत नाही.

एवढंच आहे की पाळण्यात ती मधोमध झोपत नाही. मधोमध ठेवली तरी थोड्या वेळाने कडेला सरकलेली असते. तोंड रिकाम्या जागेकडे, हात पुढे, मूठ अर्धी उघडी. लेक म्हणते, सवय आहे. परवा संध्याकाळी बायको दिवा घेऊन बघायला गेली, मी मागे होतो. नात गाढ झोपली होती. तिच्या शेजारी, जिथे कोणी नव्हतं तिथे, गादी वीतभर दबलेली होती. आम्ही बघत असताना गादी श्वास घेतल्यासारखी किंचित वर आली, पुन्हा खाली गेली... वर आली, खाली गेली. गाठ बदलण्याआधी फरशीखालून जे बाहेर आलं होतं, ते बाहेरच राहिलं होतं.

बायकोने दिवा माझ्या हातात दिला, ती वाकली आणि तिने पांघरूण त्या बाजूपर्यंत ओढून नीट खोचलं.