बाहेरचा पेशंट

दिवा राहू दे चालू. मला तुमची तोंडं दिसायला हवीत, मागच्या वेळी हा दिवटा ऐन मोक्याला घोरत होता.

आमचा शिंपी तुम्हाला माहीत आहे. त्यानंच मला सांगितलं, म्हणून खोटं म्हणू नका. गेल्या मार्चची अकरा तारीख, मंगळवार. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, छातीत दुखत होतं म्हणून संध्याकाळी सातला तो त्यांना दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं गोळी दिली. म्हणाला, "भरतीच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांची सही लागते. ते सकाळी नऊला ओपीडीत येतात, तोवर बसा बाहेर."

वर वॉर्डात अकरा खाटा रिकाम्या होत्या. अकरा! पण खाटेवर असेल तो यांचा पेशंट, बाकड्यावरचा बाहेरचा. खाटेवरच्याची तासातासाला नाडी बघतील, बाकड्यावरच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. आजही आठवलं की माझं टाळकं सरकतं.

दोघं ओपीडीच्या बाकड्यावर बसले. दहाला तिथले दिवे घालवले.

अकराला पावलं वाजली. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, नर्स येऊन गेली. नाडी बघितली. किती गार हात होता तिचा."

शिंप्याला कुणी दिसलं नव्हतं. त्याला वाटलं, आपला डोळा लागला असेल.

बाराला पुन्हा पावलं. आता तो टक्क जागा होता. पावलं बाकड्यापाशी थांबली. समोर कुणी नाही. वहिनींचं मनगट मात्र... उचललेलं. अधांतरी.



एकला. दोनला. तीनला.

चारला पावलं आली... आणि परत गेलीच नाहीत.

"अगं..."

त्यानं वहिनींचा खांदा हलवला.

"अगं, ऐकतेस ना..."

तो धावत वर गेला. नर्स टेबलावर डोकं टेकून झोपली होती. म्हणाली, "मी खाली आलेच नाही. बाहेरचे पेशंट आम्ही बघत नाही."

मग डॉक्टर उठून आला. दिवा लावला, तपासलं, आणि कागदावर काय लिहिलं माहितीये? 'मृतावस्थेत आणले.' अरे, नऊ तास बसली होती ती बाई तुझ्या दारात! असल्यांना माणूस म्हणायचं?

शिंपी त्याच्या अंगावर धावून जाणार, तेवढ्यात दोघांनाही दिसलं. खाटेला अडकवतात तसा एक तक्ता बाकड्याच्या पाठीला अडकवलेला होता. वर वहिनींचं नाव. खाली तासातासाची नाडी लिहिलेली, दर वेळी आकडा कमी होत गेलेला. चारसमोर नुसती रेघ.

आणि शेवटी, शाई अजून ओली होती त्याची... 'डॉक्टरांना पाच वेळा कळवले. आले नाहीत.'