काळवंडलेली चकती

"पुन्हा काळी!" वासंतीआत्याने चिमट्यातली चकती टेबलावर आपटली. "पांढरीशुभ्र टाकली होती मी भट्टीत!"

अकरा वर्षांच्या ऋजुताने ती उचलून पाहिली. मंगळावरच्या त्यांच्या वसाहतीचा रेडिओ बंद पडला होता. त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जळाला होता आणि नवा करायला बेरियम टायटेनेट या सिरॅमिकची चकती हवी होती. ऋजुताचे बाबा गाडी घेऊन दरीत गेले होते. धुळीचं वादळ तिकडेच निघालं होतं, आणि त्यांना कळवायचं कसं?

"तपासणी झाली," यंत्रमानव चिकू म्हणाला. "चकतीतून वीज झिरपते. शिवाय ती किंचित चुंबकीय आहे."

"चुंबकीय? यात लोखंडाचा कणही नाही! आता हे काय नवीन?"

"आत्या, रंग, गळती, चुंबक, सगळं एकदमच बिघडलंय. मग कारण एकच असेल ना?"

आत्या थबकली. "चिकू, भट्टीत ऑक्सिजन किती सोडलास?"

"अजिबात नाही. श्वासासाठीचा साठा वाचवला."

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, विचारायचं तरी!"

"आपण फार चिडलेल्या होतात."

"पण भट्टीला ऑक्सिजन कशाला?" ऋजुताने विचारलं. "ती काय श्वास घेते?"

"या सिरॅमिकमध्ये बेरियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचे अणू ओळीने बसलेले असतात," आत्या भराभरा बोलू लागली. "खूप तापलं आणि भोवती ऑक्सिजन नसला, की ऑक्सिजनचे काही अणू उठून जातात. मागे रिक्तिका (अणूची मोकळी जागा) राहते. वर प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे कण) मागे टाकून जातो."

"ते काय करतात?"

"उच्छाद! चांगल्या चकतीत विजेचा दाब आला, की भार जागच्या जागी जरासे सरकतात, वाहत जात नाहीत. म्हणून वीज साठते. अशा पदार्थाला परावैद्युत म्हणतात. हे मोकाट इलेक्ट्रॉन मात्र एका टायटॅनियमवरून दुसऱ्यावर उड्या मारतात. झाली गळती! उजेडही तेच शोषतात, म्हणून हा रंग."

"आणि चुंबक?"

"प्रत्येक इलेक्ट्रॉन इवलासा चुंबकच असतो. जोडीत असले की एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. यातले काही एकटे पडले, म्हणून थोडं चुंबकत्व उरलं."

"मग ऑक्सिजन परत दिला तर जागा भरतील?"

"भरतील की! पण तो श्वासाच्या साठ्यातूनच घ्यावा लागेल."

"नियमात बसत नाही," चिकू म्हणाला.

"तू गप्प बस!" आत्याने वसाहतीतल्या आतल्या फोनवरून वसाहतप्रमुखांना गाठलं. "मला भट्टीसाठी ऑक्सिजन द्या. हवं तर आज सगळ्यांचा व्यायाम बंद करा, पण नाही म्हणू नका."

परवानगी मिळाली. चकती ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवली, हळूहळू निववली. भट्टीचं दार उघडलं आणि ऋजुता टाळ्या पिटू लागली. चकती पांढरी झाली होती. आत्याने घाईघाईने तिचा कपॅसिटर करून रेडिओत जोडला.

"बाबा, मागे फिरा! वादळ येतंय!" ऋजुता रेडिओवर ओरडली.

खरखर झाली. मग आवाज आला, "अगं, ओरडू नकोस, ऐकू येतंय. वळतोय मी."

काही वेळाने बाबा आत आले आणि मोठा दरवाजा बंद झाला. लगेच बाहेर सगळं तांबूस धुळीने झाकलं गेलं. ऋजुता त्यांच्या गळ्यातून हात काढेना.

"या रिक्तिका अगदी वाईट नसतात हं," आत्या पहिल्यांदाच शांतपणे म्हणाली. "हव्या तेवढ्याच आणि हव्या तिथेच ठेवता आल्या, तर एकाच चकतीत वीजही सांभाळता येईल आणि चुंबकत्वही."

"असं कोणी केलंय?"

"प्रयत्न चाललेत. चल, हातमोजे घाल, आपणही करून बघू."