एक एकर मस्कत

शिवानीनं वाइनचा घोट तोंडात घेतला, डोळे मिटून दोन्ही गालांतून फिरवला आणि भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, शेजारच्या स्टीलच्या बादलीत थुंकून टाकला.

नेमका तेव्हाच तो दारातून आत आला. पावसानं निथळणारी छत्री कुठं टेकवावी हे न कळून तो उंबऱ्यातच थांबला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "करणारीच थुकाय लागलीया, मग आमी का म्हणून प्यायची?"

हॉल खो खो हसला. वाइन चाखायला बोलावलेले कोल्हापुरातले हॉटेलवाले ते, त्यांना निमित्तच हवं होतं. दोघांनी तर हातातले ग्लास न चाखताच टेबलावर ठेवले. शिवानीची कानशिलं तापली.

आता यात तिचा काय गुन्हा? वाइन पारखणारी माणसं घोट थुंकतात, ही जगभरची रीत. ओळीनं सगळ्या बाटल्या चाखायच्या तर गिळून डोकं ठिकाणावर कसं राहील? हे तिनं सांगूनही पाहिलं. पण एकदा हशा झाला की समजावणाऱ्याचं कोण ऐकतंय!

पलूसजवळच्या एका छोट्या वायनरीत ती वाइन बनवायची. द्राक्षाच्या पट्ट्यात जो तो वायनरी काढायला निघाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. मालक गणपतरावांशी भांडून तिनं एक एकर मस्कत राखून घेतलं होतं. लहान मण्यांचं, हिरवट सोनेरी द्राक्ष. पिकलं की बांधावर उभं राहूनच वास यायचा... मोगऱ्याचा, संत्र्याच्या फुलांचा, थोडासा गुलाबाचा. गणपतरावांचं म्हणणं, वासानं पोट भरत नाही. कोल्हापुरातल्या एका तरी हॉटेलानं यंदा मस्कत घेतली तर बाग राहील, नाहीतर ऑक्टोबरच्या छाटणीला सगळे वेल उपटून तिथं खायची द्राक्षं लावणार, असं त्यांनी बजावलं होतं. आज त्याच बागेचा निकाल होता आणि एका छत्रीवाल्यानं तो एका वाक्यात लावून टाकला होता.

वर तो तिच्याच टेबलापाशी आला. मस्कतचा ग्लास उचलून नाकाशी नेला आणि भुवया चढवल्या.

"इसेन्स किती थेंब घातलाय?"

"एकसुद्धा नाही."

"मग ह्यो फुलांचा वास?"

"द्राक्षाचा आहे. बाकी बहुतेक द्राक्षांची वाइन झाली की द्राक्षाचा वास निघून जातो. मस्कतच्या वाइनला मात्र मस्कतचाच वास येतो, त्याला ती तरी काय करणार?"

त्यानं ग्लास एका दमात रिकामा केला. मिटक्या मारल्या, थोडा वेळ वाट पाहिली. "ह्यात आग कुठं हाय?"

"आग पाहिजे तर रॉकेल घ्या, पावणं," शिवानी म्हणाली, "स्वस्त पडेल."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, हे शिवानीच्या लक्षात आलं आणि त्याचाही तिला राग आला. नाव त्याचं प्रसेनजीत. एसटी स्टँडजवळच्या एका मोठ्या हॉटेलचा तो मॅनेजर होता. म्हणजे ज्यानं मस्कत घ्यावी म्हणून ती ही एवढी यातायात करत होती, तोच हा शहाणा.

रात्रभर ती धुमसली. दुपारी ओल्या टॉवेलात गुंडाळलेली गार बाटली घेऊन तडक त्याच्या हॉटेलात गेली. प्रसेनजीत जेवायलाच बसला होता. ताटात मटण, तांबडा रस्सा, कपाळावर घाम. तिनं न विचारता खुर्ची ओढली, ग्लास भरून त्याच्यापुढं ठेवला आणि आता प्या म्हणाली. एका दमात नाही, रश्श्याच्या भुरक्यानंतर एक घोट.

त्यानं भुरका मारला, घोट घेतला. पुन्हा भुरका, पुन्हा घोट.

"तिखट पळालं न्हाय," तो सावकाश म्हणाला, "पण जीभ थंडावली. साखर?"

"परत तेच. यीस्ट द्राक्षातली साखर खातं, तिची दारू करतं. सगळी खायच्या आत आम्ही टाकी गार करतो, यीस्ट झोपी जातं. मागं उरते ती द्राक्षाचीच गोडी. थोडे बुडबुडेही राहतात, आणि दारू बेताची."

मग ती बोलतच सुटली. हे जगातलं फार जुनं द्राक्ष, इटलीत त्याची अशीच हलकी, फसफसणारी वाइन करतात, फ्रान्सच्या दक्षिणेला घट्ट गोड, जेवणानंतर घ्यायची. आणि लांब कशाला, तमिळनाडूतली पन्नीर द्राक्षं, तीही याच गोतावळ्यातली. बोलताना तिचे हात वेलासारखे वर चढत होते. प्रसेनजीत ताटाकडं नाही, त्या हातांकडं बघत होता. तिच्या ते ध्यानात आलं, तसे तिनं हात मांडीवर ठेवले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कधीच गिळला न्हाय घोट?"

"नाही. आईला शब्द दिलाय."

तिची आई, सोनूबाई, कसबा बावड्यातल्या विहारात दर रविवारी वंदनेला पुढं बसणारी. मुलगी वायनरीत लागली तेव्हा ती जेवली नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली होती, कर, पण पाचवं शील मोडू नकोस, थेंबही घशाखाली जाता कामा नये.

प्रसेनजीतनं ग्लास खाली ठेवला. नेसरीच्या घरी त्याची आईही तेच पंचशील म्हणायची. लहानपणापासून त्यानंही म्हटलं होतं, हात जोडून, मोठ्या आवाजात.

"आणि मी त्याच्यावरच हसलो," तो म्हणाला.

"एकटे नाही हसलात, सगळं कोल्हापूर हसवलंत." पण हे म्हणताना तिच्या आवाजाला पहिल्यासारखी धार नव्हती.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी वाइनबद्दल, मग पावसाबद्दल, मग कशाबद्दलच नाही. आणि एक दिवस ऑर्डर आली! शिवानी हरखून गेली. स्वतः टेम्पोत बसून खोकी पोचवायला गेली. तिथं कोठीवाला सहज बोलून गेला, ही खोकी कोठीत नाही ठेवायची, मॅनेजरसाहेबांच्या खोलीवर जाणारेत, त्यांनी स्वतःच घेतलीत.

हॉटेलच्या मालकाला न विचारता, गिऱ्हाइकाला न पाजता, यानं तिची वाइन पलंगाखाली ढकलायला विकत घेतली होती. तिनं एकूण एक खोकं परत टेम्पोत चढवलं. प्रसेनजीत धावत खाली आला.

"चूक माझीच हुती की, मीच भरून काढाय नको?"

"भरून काढा, पण मला भीक घालून नको. माझी मस्कत कुणाच्या कीवेवर खपायची नाही. पटवायचं तर तुमच्या मालकाला पटवा. आणि माझं तोंड बघून नाही, तांबड्या रश्श्याबरोबर."

टेम्पो निघाला तेव्हा तिला रडू आलं. राग कुणाचा येतोय हेही तिला धड कळत नव्हतं. त्याचा तर होताच. पण तो इतका चांगुलपणानं, इतका मूर्खासारखा वागला, याचा जास्त होता. तिनं त्याचे फोन उचलायचे बंद केले.

ऑक्टोबर उजाडला. छाटणीच्या दिवशी सकाळीच शिवानी मस्कतच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिली. उपटणारी माणसं पलीकडं चहा पीत होती. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. बुटांना चिखल, हातात काही नाही.

"न्हाय म्हणाले मालक," प्रसेनजीतनं सांगितलं. "रश्श्याबरोबर दिली. त्यांना आवडली, दोनदा मागून घेतली. पण म्हणाले, कोल्हापूरला कडक लागतं, गोड वाइन ठेवली तर लोक हसतील."

"हसतील!" शिवानीचा आवाज चिरकला. "स्वतः दोनदा मागून घेतली, आणि लोक हसतील म्हणून नको? ज्याला त्याला घशात आग पाहिजे. फुलासारखं काही दिलं की यांच्या मिशा खाली येतात. आणि तुम्ही... हे फोनवर नव्हतं सांगता येत?"

"तुम्ही उचलताय कुठं? आणि तुमच्या शिव्या समोर उभं राहूनच खायच्या हुत्या."

ती तोंड फिरवून उभी राहिली. तो जवळ आला, पण हात लावला नाही. वरच्या वेलाकडं बघत म्हणाला, "काडी लावली तर जगती का हो ही?"

"जगते. का?"

"नेसरीला आमचा अर्धा एकर माळ हाय."

"नेसरीला? तिथल्या पावसात द्राक्ष? पानं कुजतील, रोग पडेल. कलमं करावी लागतील. आणि फळ धरायलाच तीन वर्षं जातात, माहीत आहे?"

"म्हणून तर आलोय. मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. तीन वर्षं रोज कुणीतरी माझ्यावर ओरडाय पाहिजे." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "पलूसहून नेसरीला रोज एसटीनं येणं व्हायचं न्हाय तुम्हाला... तिथंच ऱ्हायलात तर..."

शिवानी गर्रकन वळली. "अशी मागणी घालतात? वेल उपटायला माणसं आलेली असताना?"

"आज न्हाय विचारलं तर काड्या बी जातील आणि तुमी बी."

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळे भरलेले, भुवया अजून ताणलेल्याच. त्याच्या त्या एका खळीचा आज तिला राग आला नाही.

"माझ्या आईला काय सांगणार?" तिनं हळूच विचारलं.

"सांगू, खायची द्राक्षं लावतोय."

"खबरदार. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. वाइन करायचीच म्हणून लावतोय, आणि घशाखाली दोघंही उतरवणार नाही, असं सांगायचं. जमेल?"

"जमंल," तो म्हणाला. कुजबुजल्यासारखा.

तिनं कमरेची कात्री काढून त्याच्या हातात दिली. जाड, पिकलेली काडी निवडायची, फुटव्याचे चार डोळे ठेवायचे, खालचा काप सरळ, वरचा तिरका. पहिलाच काप त्यानं उलटा मारला. तिनं त्याचा हात धरून कात्री फिरवली, आणि मग तो हात सोडायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

गणपतराव माणसं घेऊन मांडवाशी आले आणि चला, घ्या उपटायला, म्हणाले. शिवानीनं मान वर केली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी आमचं होऊ दे."