काट्याचं निमित्त

दारात उभी राहिलेली मुलगी काही बोलायच्या आधीच रडू लागली... आणि योगिनीच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. ती कोण, हे विचारायची गरजच नव्हती! कॉलेजच्या व्हरांड्यातून या मुलीला जाताना ती कितीदा डोळे भरून पाहत आली होती. ही सृष्टी, आपल्या पाठच्या भावाची, पुंजारामची लेक, हे ठाऊक असूनही तिला हाक मारायचं धाडस मात्र कधी झालं नव्हतं.

"आत्या..."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला आत्या म्हटलं होतं!

"आत्या, पप्पांच्या बनियनवर सारखा रक्ताचा डाग दिसतो. विचारलं की म्हणतात, फुलं तोडताना गुलाबाचा काटा लागला. पण काटा दरवेळी एकाच जागी कसा लागेल? काल मी अचानक खोलीत गेले तर... छातीवर गाठ आहे आत्या! मला शपथ घातलीये, तुझ्या अक्षता पडेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून."

योगिनीनं कप खाली ठेवला. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी शरीरातलं हार्मोन कशी धरून ठेवतात, त्या धरणाऱ्या रिसेप्टरला औषधानं कसं थोपवायचं, या एकाच प्रश्नापायी तिनं सारं तारुण्य प्रयोगशाळेत वेचलं होतं. हा रोग क्वचित पुरुषालाही होतो, हे वर्गात तिनं किती निर्विकारपणे शिकवलं होतं! आज तेच वाक्य काळजात सुरीसारखं रुतलं.

याच रोगानं तिची आई, कुसाबाई, गेली होती. कुसाबाईनं गाठ लपवली ती पुंजारामचं लग्न होईपर्यंत! लग्नानंतर पुण्याहून आलेल्या योगिनीला तिनं गाठ दाखवली, तेव्हा फार उशीर झाला होता. "लग्नापायी लपवलं, हे पुंजाला कधीच सांगू नको," आईनं तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला होता, "तो सोताला खात बसंल. अन् गाव नव्या सुनंच्या पायगुणाला नावं ठेवंल. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा तुझ्या कामाला येत असंल, तर घेऊन जा बाई..."

आई गेली. तेराव्याला कुणीतरी त्या तुकड्याचं बोललं, आणि भरल्या पंगतीत पुंजाराम कडाडला, "शिकलेली तू! तुला समदं माहीत होतं, तरी गप बसली! अन् मेल्यावर आईचं मांस बाटलीत भरलं! परत या उंबऱ्यावर पाय ठेवू नको!"

योगिनीनं मान खाली घातली, आणि ती निघून आली. एक शब्द बोलली असती तर!... पण बोलली नाही. परदेशातली बोलावणी नाकारून ती नाशकातच, एका कॉलेजच्या लहानशा प्रयोगशाळेत रुजू झाली, केवळ माहेर जवळ राहावं म्हणून! जवळ राहिलं खरं, पण दार कधी उघडलं नाही. सणावाराला ती एकटीसाठी दोन पोळ्या लाटी, आणि त्यातली एक तशीच उरे.

"चल," ती सृष्टीला म्हणाली. "तुझ्या स्कूटीवर नेशील ना मला?"

मखमलाबादच्या मळ्यात पुंजाराम खुडलेल्या गुलाबांच्या जुड्या बांधत होता. तिला पाहताच त्याचा चेहरा ताठरला.

"काऊन आली?"

"गाठ दाखव."

त्यानं लेकीकडं जळजळीत नजर टाकली. मग एकाएकी त्याचे खांदे पडले. "हा बायांचा रोग हे आक्का... गावाला तोंड कसं दाखवू? पोरीच्या अक्षता पडू दे, मंग बघू."

"रोगाला बाईमाणूस, बाप्यामाणूस कळत नाही रे! तपासू या. तो हार्मोनवर पोसणारा निघाला, तर तण खुरपून काढायचं आणि उरल्यासुरल्याचं पाणी तोडायचं. त्याचं औषध आहे पुंजा! पण अक्षता पडेपर्यंत थांबलास तर आईसारखं..."

तिनं जीभ चावली. पुंजाराम तिच्याकडं पाहतच राहिला. हातातली जुडी खाली पडली.

"आक्का... आईनंबी असंच केलं व्हतं? माझ्या लग्नापायी?"

योगिनी खाली वाकली. पडलेली जुडी उचलून तिचे देठ सारखे करू लागली.

"बोल ना! मी तुला भरल्या पंगतीत हाकललं... अन् तू ऐकून घेतलं?"

"शपथ होती आईची," ती कशीबशी म्हणाली. "नव्या सुनेला कुणी बोल लावू नये म्हणून..."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली छाया, पुंजारामची बायको, जागीच थबकली. सारं तिच्या ध्यानात आलं. तांब्या खाली ठेवून ती धावली आणि नणंदेच्या पायांवर कोसळली. "माझ्यासाठी!... माझ्यासाठी तुम्ही आयुष्य एकटीनं काढलं हो आक्का!"

पुंजाराम दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. रोग होता, पण छातीपुरताच होता, आणि त्याच्या पेशींत योगिनीच्या ओळखीचे ते रिसेप्टर भरपूर होते. अहवाल वाचताना ती देवाला हात जोडत होती, कारण याच्यावर हार्मोन थोपवणारी गोळी लागू पडणार होती! ऑपरेशन नीट पार पडलं. लग्नाची तारीख पुढं ढकलली, तर व्याह्यांनी स्वतः येऊन धीर दिला.

वॉर्डात पुंजाराम शुद्धीवर आला तेव्हा संध्याकाळ होत होती. छाया डबा घेऊन आली, सृष्टी उशाशी बसली. त्या तिघांकडं पाहता पाहता योगिनी सवयीनं उठली आणि तिनं पर्स उचलली. आपली गरज संपली की उठायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं...

"कुठं निघाली आक्का?"

"घरी. छाया आहे ना आता."

"घरी कोन हे तुझ्या?"

किती साधा प्रश्न! पण इतक्या वर्षांत तो तिला कुणी विचारलाच नव्हता. एवढी वर्षं बांधून ठेवलेला बांध फुटला आणि भर वॉर्डात ती ओक्साबोक्शी रडू लागली.

"कुणी नाही रे पुंजा... कुणीच नाही!"

पुंजारामनं दात आवळून, बांधलेली बाजू सांभाळत अंग भिंतीकडं सरकवलं. खाटेवर हातभर जागा झाली.

"मंग बस हितं," तो म्हणाला.